पाना तुझा, बोल्ट गिऱ्हाइकाचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमळनेर तालुक्यातल्या २४ वर्षांच्या एका तरुणाने लिहिलं आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, मग चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काढली. आता गावाच्या फाट्यावर स्वतःचं गॅरेज टाकतोय. मोटरसायकली, ट्रॅक्टर, शेतातली डिझेल इंजिनं, जे येईल ते करणार. हाताशी ४५ हजार रुपये, त्यातले २० हजार आईने बचत गटातून काढून दिलेले. मोठा भाऊ पुण्यात कारच्या सर्व्हिस सेंटरला आहे. तो म्हणतो, हत्यारं परदेशीच घे, हप्त्यावर मिळतात, जन्मभर पुरतात. त्याने पाठवलेली यादी सव्वा लाखाची आहे. वडील म्हणतात, पाना तो पाना. बाजारातून पाच हजारांत पेटी भरून आण. "स्वस्त घेतली तर गिऱ्हाईक मला हलका मेकॅनिक समजेल, महाग घेतली तर वडील म्हणतील पैसे उडवले. नाना, एकदाच घ्यायचंय, चुकायला नको. काय करू?"

भाऊ,

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. तुझ्या पत्रात एक शब्द मला अडला: 'एकदाच'. हत्यारं म्हणजे काही लग्नाचा बस्ता नाही, एका दिवसात दुकानात बसून बांधून आणायला. माझी चाळीस वर्षं या धंद्यात गेली, तरी गेल्या महिन्यात एक सर्क्लिपची पक्कड घेतलीच. एकदाच घ्यायचं असं तू मनाशी धरलंस, म्हणून सव्वा लाख आणि पाच हजार असे दोनच आकडे तुझ्यासमोर उरले.

आता भाऊ आणि वडील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोघांचीही जागा तुझी नाही. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला दिवसाला ठरलेल्या गाड्या बाहेर काढायच्या असतात. कारच्या बॉनेटखाली हात जेमतेम शिरतो. तिथे ७२ दात्यांचं रॅचेट, म्हणजे नटावरून न काढता मागे-पुढे करत फिरवायचा दांडा, ५ अंश फिरलं की पुढचा दाता धरतं. २४ दात्यांच्याला १५ अंश फिरायला लागतात. या फरकात भावाचा रोजचा वेळ वाचतो, म्हणून त्याला ते पैसे पटतात. तुझ्या फाट्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी अख्खा माणूस पंचा अंथरून बसेल एवढी जागा असते.

आणि ती जन्मभराची हमी. अमेरिकेत स्नॅप-ऑनसारख्या हत्यारांच्या कंपन्यांच्या विक्रेत्याची गाडी दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येते. रॅचेट बिघडलं की तो तिथल्या तिथे बघून देतो, हप्ताही तिथेच घेतो. म्हणजे त्या किमतीत ती गाडी, तो माणूस आणि त्याचं डिझेल हे सगळं आलं. आपल्या फाट्यावर दर आठवड्याला येते ती कुल्फीची गाडी. इथे तुटलेलं हत्यार तू कुरियरने कुठे तरी पाठवणार, आणि तोवर ट्रॅक्टर दारात उभा. हमी खोटी असते असं नाही. पण तुझ्यापर्यंत पोचत नसेल तर तिचे पैसे तू का मोजायचे?

वडिलांचं म्हणशील, तर त्यांनी एका स्क्रू पान्यावर आणि एका पकडीवर उभी हयात काढली असणार. आमच्याही घरी तेच होतं. पण ते इंजिन त्यांचं स्वतःचं होतं. नट घिसला तर नुकसान घरातलं. तुझ्याकडे येईल ते इंजिन दुसऱ्याचं आहे, आणि सगळा फरक इथेच पडतो.

मी धुळ्याला एका गॅरेजात शिकत होतो तेव्हाचं सांगतो. पांझरेकाठच्या एका शेतकऱ्याचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बंद पडलं. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. उस्तादाने मला सायकलवर पाठवलं. नोझल काढायचं म्हणून मी प्रेशर पाइपाच्या नटाला १७ चा पाना लावला. आठवडी बाजारातून स्वतःच्या पैशाने घेतलेला, चकचकीत, त्याचा मला केवढा अभिमान. जोर दिला आणि वाटलं, सुटला. सुटला नव्हता, पान्याचा जबडा फाकला होता. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. काढून बघितलं तर नटाचे कोपरे गोल झालेले, आणि लोखंडाचा बारीक कीस माझ्या अंगठ्याला चिकटलेला. मग मी पक्कड लावली, मग छन्नी मारली, आणि शेवटी पाइपच वाकला. नवा पाइप आणून बसवेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तो माणूस बांधावर बसून होता. एक शब्द बोलला नाही. तोंडभर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाइपाचे पैसे उस्तादाने भरले. माझ्यावर ओरडला नाही. तो पक्का अहिराणी माणूस. चहा पिता पिता एवढंच म्हणाला, "पाना तुना शे भो, पन बोल्ट गिऱ्हाईकना शे."

तेव्हापासून हत्यार घेताना मी एकच विचारतो: हे दगा देईल तेव्हा तुटेल काय? हत्यारच तुटणार असेल तर स्वस्त घे, गेलं तर गेलं. गिऱ्हाइकाचा बोल्ट घिसणार असेल, ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जाणार असतील किंवा तुझी बोटं जाणार असतील, तर तिथे हात आखडू नको. भावाची यादी या एका प्रश्नातून काढ. सव्वा लाखातलं किती उरतं ते बघ.

तू महाग आणि स्वस्त असे दोनच कप्पे केलेस, पण बहुतेक मेकॅनिकांचं पोट मधल्या कप्प्यावर चालतं. आपल्या नाशिकच्या सातपूरला टपारियाचा हातहत्यारांचा कारखाना आहे. १९६० च्या दशकात स्वीडिश तंत्रसहकार्याने ती कंपनी उभी राहिली. जालंधर-लुधियानाकडे हातहत्यारांचे कितीतरी कारखाने आहेत, आणि तिथला माल परदेशात जाऊन दुसऱ्यांच्या छापाखालीही विकला जातो. मला कुणाची जाहिरात करायची नाही. एवढंच सांगतो, की देशी म्हणजे कामचलाऊ असं भावाने गृहीत धरलंय आणि तू तपासल्याशिवाय मान्य केलंयस. परदेशी एका रॅचेटच्या किमतीत इथल्या चांगल्या कंपनीचा अख्खा गोटी सेट, म्हणजे रॅचेटला लावायच्या सॉकेटांचा संच, येतो. तो पाचपट लवकर झिजत नाही, हे मी स्वतःच्या पेटीवरून सांगू शकतो.

पण दुकानात जाऊन नुसतं नाव बघू नको. नामांकित छापाची नक्कल आपल्याकडे उघड्यावर मिळते, आणि 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरं कोणत्याही लोखंडावर ठोकता येतात. खिशात नवे, न वापरलेले सहा बोल्ट घेऊन जा: १०, १२, १३, १४, १७ आणि १९ च्या डोक्याचे. प्रत्येक पाना बोल्टवर बसवून हलवून बघ. थोडी हालचाल सगळ्यांत असते, ती असायलाच हवी. पण एका सेटमधला १३ घट्ट आणि १४ खुळखुळता असेल तर तो सेट मागे ठेव. जबड्याच्या आतल्या दोन्ही बाजू उजेडात धरून समांतर आहेत का बघ. मुलामा कडेला फुगलेला असेल तर तो सोलून निघेल आणि कधीतरी हाताला कापेल. फिक्स पान्यांना आयएस २०२८ आणि रिंग पान्यांना आयएस २०२९ हे भारतीय मानक आहे, तो आकडा कुठे दिसतो का ते विचार. पाना फरशीवर टाकून टणत्कार ऐकायची पद्धत आहे, ती करमणूक म्हणून ठीक आहे. दुकानदाराला मात्र राग येतो.

आता कुठे पैसे घालायचे. रिंग पाने आणि गोट्या, इथे अजिबात तडजोड नको. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग सगळीकडून धरते. म्हणून पहिला झटका नेहमी रिंगने द्यायचा आणि सुटलेला नट फिक्सने भराभर काढायचा. आयटीआयत हे शिकवलं असेल, पण घाईत कुणी पाळत नाही. गोट्या घेताना सहा कोनांच्या घे. बारा कोनांची गोटी पटकन बसते खरी, पण गंजलेल्या, आधीच कुणीतरी घिसलेल्या डोक्यावर सहा कोनांचीच धरते. तुझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा बोल्ट आधी कुणीतरी पकडीने खाल्लेलाच असणार.

स्क्रू ड्रायव्हरकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात. जपानी आराखड्यावरच्या मोटरसायकलींत फुलीचे जे स्क्रू असतात, ज्यांना आपण स्टार म्हणतो, ते बहुतेक जपानी मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखेच, म्हणजे नेहमीच्या फुलीसारखेच. पण फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, आणि जोर दिला की वर चढून फुली पोखरतं. डिस्क ब्रेकच्या ऑइलच्या डबीवरचे ते दोन स्क्रू बघ कधी. दहा गाड्यांतल्या पाच-सहांचे तरी मेलेले असतात, आणि मारणारा मेकॅनिकच असतो. जपानी मापाचे दोन ड्रायव्हर, एक मोठा एक मध्यम, शोधून घे. सोबत हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. एल-की सुद्धा चांगल्याच घे. स्वस्त एल-कीचे कोपरे झिजतात आणि जाताना बोल्टचं भोक गोल करून जातात. मग तो बोल्ट काढायला ड्रिल लावावं लागतं.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा, एकच घे, छोटा, ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा. 'हाताला अंदाज असतो' असं मीही वीस वर्षं म्हणायचो. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि लांब पान्याच्या टोकाला ते मनगटाला जाणवतसुद्धा नाहीत. आटे जातात तेव्हाच कळतं. काम झालं की त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव, आणि नट सोडवायला त्याला कधीही लावू नको. कुणी मागितला तरी देऊ नको.

स्वस्तात काय चालेल? हातोडी, टॉमी, पोलादी ब्रश, नरसाळं, ऑइलची परात. ३०-३२ सारखे मोठे पाने वर्षातून दोनदा लागतील, ते जुन्या बाजारातून घे. जुना घडवलेला जाड पाना नव्या चकचकीत पान्यापेक्षा बरा निघतो. फक्त भुसावळकडच्या भंगारात रेल्वेची खूण असलेलं हत्यार दिसलं तर कितीही स्वस्त असो, हात लावू नको. रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६ चा कायदा फार कडक आहे, आणि 'मी तर विकत घेतलं' हे पोलिसांपुढे सिद्ध करत बसावं लागतं.

दोन गोष्टींत तर पैशाचा विचारच करू नको. ट्रॅक्टरखाली जाताना लावायची घोडी, आणि पुढे एअर गन किंवा बॅटरीची गन घेतलीस तर तिच्यासाठी काळ्या रंगाच्या इम्पॅक्ट गोट्या. चमकत्या क्रोमच्या गोट्या हाताने फिरवायच्या असतात. गनच्या माऱ्याखाली त्या फुटतात आणि तुकडा डोळ्याच्या उंचीवरून उडतो. विटांवर टेकवलेल्या ट्रॅक्टरबद्दल मी लिहीत नाही, तुझ्याही गावात एखादी गोष्ट असेलच.

भावाच्या यादीत एक गोष्ट नाही, ती तुला पहिल्या आठवड्यात लागेल: इंची पाने. मूळ विलायती किंवा अमेरिकी आराखड्यावर बेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत बोल्ट इंची असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना 'बसतो', ०.३ मिलिमीटर ढिला, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला डोकं गोल होतं. ९/१६ म्हणजे १४.२९, १४ चा जात नाही आणि १५ चा डुलतो. ५/८ ला १६ आणि ३/४ ला १९ चालून जातो. म्हणजे पूर्ण सेट नसला तरी अर्धा आणि ९/१६, एवढ्या दोन इंची रिंगा तरी हव्यातच. या दोन रिंगा पेटीत आहेत हे कळलं की जुने ट्रॅक्टरवाले तुझ्याकडे येतील. गिऱ्हाईक तुला हलका समजेल ही जी भीती तू लिहिलीस, तिचं उत्तर मला यात दिसतं. शेतकरी पान्यावरचं नाव वाचत नाही. गेल्या वेळेला दुसऱ्याने घिसलेला बोल्ट तू न घिसता काढलास, हे तो बघतो आणि पारावर जाऊन सांगतो. पेटी मात्र पुसलेली ठेव, तेलाने बरबटलेली पेटी त्याला दिसते.

हप्त्याचं. हप्ता दर महिन्याला येतो, तुझं गिऱ्हाईक तसं येत नाही. खरिपाच्या आधी मे-जूनमध्ये नांगरटीचे ट्रॅक्टर रांगेत उभे राहतील, मग पेरणी झाली की सामसूम. निम्मं काम उधारीवर असेल, 'कापूस गेला की देतो' असं, आणि कापूस दिवाळीनंतर जातो. भाव पडलेला असेल तर तो घरातच पडून राहतो आणि तुझी उधारीही. पुण्यात पगार महिन्याला होतो, म्हणून भावाला हप्ता साधा वाटतो. त्यात आईचं कर्ज आधीच आहे, आणि ते गटातल्या बाकीच्या बायांच्या भरवशावर मिळालेलं आहे. ते फिटेपर्यंत दुसरा हप्ता नको. याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

४५ हजारांतले २० हजारांच्या आसपास हत्यारांना ठेव. मधल्या दर्जाचे रिंग आणि फिक्स पाने, गोटी सेट, ड्रायव्हर, एल-की, तीन-चार पकडी, टॉर्क पाना, इंची रिंगा एवढं त्यात बसतं. दुकानागणिक थोडं इकडे-तिकडे होईल. घोडीचे पैसे वेगळे काढ. दहाएक हजार प्लग, केबल, ऑइल, वायसरमध्ये घाल, कारण सुटा भाग नाही म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक पाना नाही म्हणून परत गेलेल्यापेक्षा जास्त असतं. उरलेल्याला पावसाळा संपेपर्यंत हात लावू नको.

आणि एक वही ठेव. कोणता पाना हातात जास्त येतो, कोणता सटकला, कोणत्या कामाला शेजारच्याकडून हत्यार मागावं लागलं, रोज रात्री दोन ओळी. दिवाळीला ती वही काढून बघ. ज्या दोन-तीन हत्यारांची नावं पुन्हा पुन्हा आली असतील ती खुशाल भावाच्या यादीतली घे, परदेशी, रोख पैशाने. त्यालाच पुण्याहून आणायला सांग. त्याला बरं वाटेल, आणि यादी त्याने मनापासून केली होती हेही खरंच आहे.

फाट्यावर बसणार आहेस म्हणून हे सांगतो, शहरातल्याला सांगायची गरज नसते. पहिल्या दिवसापासून लोक येतील, "भाऊ, जरा १० चा दे रे, आत्ता आणून देतो." नाही म्हणालास तर गावात राहणं कठीण, आणि हो म्हणालास तर तो पाना शेवगा लावलेल्या मळ्यात सापडेल, पुढच्या मार्चमध्ये. त्यासाठी वडील म्हणतात तो बाजारातला स्वस्त सेट घेच. दांड्यांना लाल रंग मार आणि दारापाशी खिळ्याला टांगून ठेव. कुणीही न्यावा, कुणीही आणावा. तुझी पेटी आत.

वडिलांचा स्क्रू पाना अजून घरात असेल तर तोही मागून घे. नट सोडवायला वापरू नको, पण पंपाचा पाइप सोडवताना दुसरं टोक धरून ठेवायला त्याच्यासारखं हत्यार नाही. बरीच वर्षं पडून असेल, तर आधी त्याच्या फिरकीत दोन थेंब तेल घाल.